पाहिले किती, टिपले किती

१८६६ साली बावीस वर्षांचा एक तरुण इंदूरला नोकरीसाठी आला. मेरठजवळच्या सरधना गावचा, नाव दीनदयाळ. शिक्षण रुडकीच्या थॉमसन कॉलेजात, अभियांत्रिकीचे. नोकरी सरकारी बांधकाम खात्यात. काम अंदाजपत्रके तयार करण्याचे आणि नकाशे काढण्याचे. आम्हीही त्याच पंगतीतले. डिप्लोमा, लोकनिर्माण खाते, उपयंत्री, हातात मोजमाप पुस्तिका. त्यामुळे या माणसाबद्दल आम्हाला पहिल्यापासून आपलेपणा वाटत आला आहे. फरक एवढाच की तो पुढे राजा लाला दीनदयाळ झाला आणि आम्ही अजून अंदाजपत्रकेच करतो आहोत.

नोकरीत आठेक वर्षे झाल्यावर, १८७४च्या सुमारास, दीनदयाळांनी कॅमेरा हाती घेतला. पगार अंदाजपत्रकाचा आणि ओढ कॅमेऱ्याची. महाराज तुकोजीराव होळकर (दुसरे) आणि गव्हर्नर जनरलचे एजंट सर हेन्री डेली यांनी त्यांना उत्तेजन दिले. आपल्या डेली कॉलेजला नाव आहे ते याच डेलीसाहेबांचे. १८७५-७६च्या प्रिन्स ऑफ वेल्सच्या दौऱ्याची छायाचित्रे त्यांनी घेतली. पुढे १८८२ साली सर लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर ते बुंदेलखंडात हिंडले. ग्वाल्हेर, दतिया, ओरछा, खजुराहो, सांची या भागांतल्या वास्तूंची त्यांनी घेतलेली छायाचित्रे १८८६ साली ग्रिफिन यांच्या ग्रंथातून प्रसिद्ध झाली. नंतर त्यांनी सरकारी नोकरी सोडली. निजामाच्या दरबारी मान, सिकंदराबाद आणि मुंबईला स्टुडिओ, ही कीर्ती पुढची. सुरुवात मात्र आपल्या इंदुरातली.

हे सारे यंदाच्या स्मरणिकेत लिहिण्याचे कारण आपल्या मंडळाची वार्षिक सहल. दर वर्षी बसमध्ये तोच वाद होतो. ज्येष्ठ मंडळी म्हणतात, "मोबाइल पिशवीत ठेवा, डोळ्यांनी बघा." तरुण म्हणतात, "काका, रात्री ग्रुपवर फोटो टाक म्हणून पहिला फोन तुमचाच येतो." दोघांचेही म्हणणे खरे आहे, म्हणूनच वाद मिटत नाही. हा वाद मोबाइलने जन्माला घातला असे आपण समजतो. जुने चाळल्यावर आम्हाला दिसले ते निराळेच.

आधी दीनदयाळांच्या सुरुवातीच्या दिवसांत एक छायाचित्र निघायला काय लागत असे ते पाहू. काचेची तावदानासारखी पट्टी घ्यायची. तिच्यावर कलोडियन नावाचे चिकट द्रावण सारखे पसरवायचे, चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायचे आणि ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची. टोपण काढायचे, काही सेकंद उघडे ठेवायचे, टोपण लावायचे. आणि पट्टी वाळायच्या आत अंधाऱ्या तंबूत नेऊन धुवायची. सगळा खेळ दहा-पंधरा मिनिटांचा, आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्याहूनही कमी. म्हणजे छायाचित्रकार प्रवासाला निघाला की तंबू, रसायनांच्या बाटल्या, काचांच्या पेट्या, पाणी, तिपाई आणि हे उचलायला माणसे, असा लवाजमा निघे. वाटेत पेटी आपटली की काचा गेल्या.

असा माणूस किल्ल्यासमोर पोचल्याबरोबर फोटो काढीत नसे. त्याला परवडतच नसे. ऊन कोणत्या बाजूने आहे, सावली तासाभराने कुठे सरकेल, तिपाई कुठे टेकेल, हे पाहत तो हिंडे. काळ्या कापडाखाली डोके घातले की समोरच्या दुधी काचेवर अख्खा किल्ला उलटा दिसे, बुरूज खाली आणि आकाश पायाशी. त्या उलट्या चित्रात तोल साधायचा. दीनदयाळांच्या छायाचित्रांतल्या भिंती सरळ उभ्या असतात. नकाशे काढणाऱ्या हाताची ती शिस्त असावी, असे आमचे खात्यातले मन सांगते. त्यांच्या बाबतीत पाहणे आधी होते आणि टिपणे मागून. याला थोरपणा म्हणा. आम्ही तरी निम्मे श्रेय त्या जड काचांना देतो.

आता त्यांच्याही आधीचा एक प्रवासी. वरसईचे विष्णुभट गोडसे. पेण तालुक्यातले हे वेदशास्त्र जाणणारे गरीब ब्राह्मण. बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार आणि दक्षिणा भरपूर मिळणार अशी बातमी कोकणात पोचली, तेव्हा डोक्यावरचे कर्ज फेडण्याच्या आशेने ते काकांबरोबर १८५७ साली उत्तरेकडे निघाले. आपल्या शेजारच्या महूला पोचतात तोच त्यांना बंडाचा सुगावा लागला. पुढे ग्वाल्हेर, झाशी, काळपी, चित्रकूट, अयोध्या, काशी. झाशीला इंग्रजांचा वेढा पडला तेव्हा ते शहरात होते. शहर पडल्यावरची कत्तल आणि लूट त्यांनी लपून बसून अनुभवली. मिळवलेली दक्षिणा वाटेत लुटली गेली. शेवटी गंगेची कावड तेवढी घेऊन ते घरी परतले आणि त्या पाण्याने आईवडिलांना स्नान घातले.

त्यांच्याजवळ कॅमेरा नव्हता. हिंदुस्थानात कॅमेरे मात्र तोवर आले होते. मुंबईत १८५४ सालीच फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली होती आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळचे नावाजलेले छायाचित्रकार होते. पण कावड खांद्यावर घेणाऱ्या भिक्षुकाचा त्याच्याशी काय संबंध! गोडसे भटजींनी जे नेले ते डोक्यात. चिंतामणराव वैद्य यांच्या आग्रहावरून त्यांनी ते १८८३च्या सुमारास, म्हणजे पाव शतकानंतर, लिहून काढले आणि वैद्यांनी ते 'माझा प्रवास' म्हणून १९०७ साली छापले.

त्या पुस्तकात एक प्रसंग आहे. काळपीच्या वाटेवर एका विहिरीपाशी भटजींना झाशीची राणी भेटते. अंगावर पठाणी पोशाख, सर्वांग धुळीने भरलेले. तिला तहान लागली आहे. भटजी पाणी काढून द्यायला पुढे होतात, तर ती त्यांना थांबवते. विद्वान ब्राह्मणाने आपल्यासाठी पाणी काढू नये म्हणून स्वतः मडके विहिरीत सोडते आणि ओंजळीने पाणी पिते. राणीचे म्हणून एक छायाचित्र अधूनमधून सगळीकडे फिरत असते, पण ते तिचेच असे सर्वमान्य झालेले नाही. आपल्याजवळ तिचे जे काही 'दर्शन' आहे, त्यातले सर्वांत जवळचे दर्शन हे असे, एका थकलेल्या प्रवाशाने पंचवीस वर्षे मनात सांभाळलेले.

आठवण काही निर्दोष नसते. भटजींच्या लिखाणात ऐकीव गोष्टी आहेत, तारखांचे घोळ आहेत, इतिहासकारांनी ते दाखवूनही दिले आहेत. मग म्हणावे, छायाचित्र तरी खरे बोलते? त्याच १८५८ साली फेलीचे बेआतो नावाचा छायाचित्रकार लखनौला आला. तिथल्या सिकंदरबागेतले त्याचे छायाचित्र जगभर गाजले: उद्ध्वस्त इमारत आणि पुढच्या अंगणात पसरलेली मृत शिपायांची हाडे. लढाई झाली होती नोव्हेंबर १८५७मध्ये. बेआतो पोचला काही महिन्यांनी, आणि चित्रासाठी ती हाडे उघड्यावर मांडली गेली होती. भटजी तिथे होते, पण त्यांच्याजवळ कॅमेरा नव्हता. बेआतोजवळ कॅमेरा होता, पण तो त्या वेळी तिथे नव्हता. १८५७ समजून घ्यायला आम्हाला दोघेही लागतात, पण विश्वास टाकायची वेळ आली तर आम्ही भटजींच्या बाजूला बसू.

कॅमेऱ्याआधीचे प्रवासी सगळे डोळे भरून पाहत होते, अशी मात्र कुणी समजूत करून घेऊ नये. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये सृष्टिसौंदर्य पाहायला जाणाऱ्या शौकीन मंडळींच्या खिशात एक छोटा, काळसर, किंचित फुगीर आरसा असे. क्लोद नावाच्या फ्रेंच चित्रकारावरून त्याला क्लोद ग्लास म्हणत. डोंगर-तळे आले की हे प्रवासी त्यांच्याकडे चक्क पाठ करून उभे राहत आणि आरशात पाहत. त्यात देखावा रंगवलेल्या चित्रासारखा दिसे. कवी टॉमस ग्रे १७६९ साली सरोवरांच्या मुलुखात फिरताना अशाच आरशाच्या नादात चिखलाच्या वाटेवर उताणे पडले आणि त्यांची बोटे सोलवटली. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. कॅमेऱ्याचा शोध जाहीर झाला १८३९ साली. म्हणजे देखाव्याकडे पाठ करून उभे राहण्याची हौस कॅमेऱ्यापेक्षा सत्तर वर्षांनी तरी जुनी आहे. धबधब्याकडे पाठ करून सेल्फी घेणाऱ्या भाचरांना रागावण्याआधी हे आठवावे.

काचेचे ओझे उतरले ते १८८८ साली. अमेरिकेतल्या ईस्टमन यांनी कोडॅक नावाची पेटी बाजारात आणली. आत शंभर फोटोंची गुंडाळी. खटका दाबायचा, शंभर झाले की अख्खी पेटी कंपनीकडे धाडायची. कंपनी फोटो आणि नवी गुंडाळी भरलेली पेटी परत पाठवी. १९०० साली आलेला ब्राउनी तर एका डॉलरला मिळे. फोटो काढण्यासाठी काही शिकावे लागते ही अट तिथे संपली. थांबण्याची सक्तीही त्याबरोबरच गेली.

तरी आपल्या देशात ती सक्ती आणखी शंभर वर्षे दुसऱ्या वाटेने टिकली. ती म्हणजे खर्च. आमच्या पिढीतल्या अनेकांच्या घरी आग्फा क्लिक थ्री होता. तो आपल्या बडोद्याला तयार होई, हे किती जणांना ठाऊक आहे? त्यात एका रोलवर बारा चौकोनी फोटो निघत. बारा! आख्खी ओंकारेश्वरची सहल बारा फोटोंत बसवायची. नंतर छत्तीसचे रोल आले. नशिबात असेल तर सदतिसावा फोटो निघे आणि त्याचा कोण आनंद. रोल धुवायला टाकायचा, आठवडाभर वाट पाहायची, त्यातले चार काळे निघायचे. सूर्य फोटो काढणाऱ्याच्या पाठीशी हवा हा नियम सर्वांना पाठ, म्हणून त्या काळच्या सगळ्या फोटोंत सगळे डोळे मिचकावत उभे आहेत. कॅमेरा आळीत एक, कधी मागून आणलेला. एक फोटो काढून झाला की तो पिशवीत जाई आणि मंडळी घाटावर पाय सोडून बसत. त्या लोकांनी पाहणे आणि टिपणे यांचा तोल विचार करून साधला नव्हता. रोलच्या किमतीने तो साधून दिला होता.

मोबाइलने ही किंमतही शून्यावर आणली. पण त्याबरोबर आणखी एक गोष्ट बदलली आणि ती आम्हाला आमच्या नोकरीमुळे नीट दिसते. आमच्या खात्यात आता कामाचे फोटो लागतात: सुरू होण्यापूर्वीचा, चालू असतानाचा, पूर्ण झाल्याचा. त्यावर ठिकाण, तारीख, वेळ आपोआप उमटते. पद्धत चांगली आहे. कागदावरच बांधलेले पूल त्यामुळे कमी होतील. पण हा दाखल्याचा फोटो आहे. तो काढताना पुलिया सुंदर आहे की नाही हे कोणी पाहत नाही. आपण तिथे होतो आणि काम झाले एवढे सिद्ध करायचे असते. पूर्वी मोजमाप पुस्तिकेत लांबी, रुंदी, खोली हाताने लिहावी लागे. लिहायचे म्हणजे टेप धरायचा, वाकायचे, दगड पाहायचे. आजही काही जुने सहकारी फोटो पाठवून झाल्यावर पुलियाखाली उतरतात. त्यांना भेग दिसते. फोटोत ती दिसलेली नसते.

सहलीतही नेमका हा दाखल्याचा फोटो शिरला आहे असे आम्हाला वाटते. महेश्वरचा घाट, आम्ही पुढे, जहाज महाल, आम्ही पुढे, काम पूर्ण. याउलट दीनदयाळ सरकारी माणसांबरोबर सरकारी दौऱ्यावर होते, त्यांना तर दाखलाच द्यायचा होता. पण त्यांनी पाहून घेतले. म्हणून दीडशे वर्षांनी आपण त्यात किल्ला पाहतो, दौरा विसरून जातो.

गेल्या पावसाळ्यात आपली सहल मांडवगडला गेली होती. रूपमतीच्या मंडपात पोचलो तेव्हा सगळे धुक्यात बुडालेले. कमानीत उभे राहून फोटो काढायला रांग लागली. एक काकू गुडघे दुखतात म्हणून दक्षिणेकडच्या कठड्यापाशी बसून राहिल्या. मधेच पाच मिनिटे धुके फाटले. खाली निमाड उघडले आणि लांब नर्मदेची रेघ चमकली, असे काकूंचे म्हणणे. ज्यांच्या मोबाइलची बॅटरी संपली होती अशी दोन मुले तेवढी त्यांची साक्षीदार. बाकी आम्ही तीस-पस्तीस जण रांगेत, कमानीकडे तोंड करून. परतीच्या बसमध्ये धारपर्यंत वाद चालला: ती नर्मदा होती की धुक्याचाच पट्टा होता? फोटो एकाजवळही नाही, त्यामुळे निकाल लागलेला नाही. काकूंनी तो लावून घ्यायला नकार दिला आहे. त्या म्हणाल्या, "मी पाहिली. तुम्ही ठरवत बसा."

या विषयाकडे अभ्यासकांचेही लक्ष गेले आहे. अमेरिकेत लिंडा हेंकेल यांनी एका संग्रहालयात विद्यार्थ्यांना फिरवले. काही वस्तू नुसत्या पाहायच्या, काहींचे फोटो काढायचे. दुसऱ्या दिवशी विचारले तेव्हा फोटो काढलेल्या वस्तू कमी आठवल्या. २०१४ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. पण त्यातच दुसरी गंमत होती: ज्यांना वस्तूचा एखादा भाग जवळ आणून टिपायला सांगितले, त्यांच्या आठवणीला धक्का लागला नाही. फोटोत नसलेला भागही त्यांना आठवत होता. २०१६ साली दुसऱ्या काही संशोधकांनी बसमधून शहर पाहणाऱ्या प्रवाशांसह अनेकांवर प्रयोग केले; त्यांत फोटो काढणाऱ्यांना बहुतेक वेळा जास्तच मजा आली होती. आम्हाला या दोन निष्कर्षांत भांडण दिसत नाही. कशाचा फोटो काढू, हे शोधणारा माणूस पाहतच असतो. हात वर करून, सगळ्याचा एकदम काढून, पुढे सरकणारा पाहत नसतो.

तेव्हा 'मोबाइल बंद' हा ज्येष्ठांचा ठराव आम्हाला मान्य नाही. त्याचे आणखी एक कारण मंडळाच्या कपाटात आहे. यंदा कार्यालयाची आवराआवर करताना बुटांच्या एका खोक्यात जुन्या सहलींचे फोटो सापडले. त्यात सत्तरच्या दशकातला ओंकारेश्वरचा एक आहे. घाटावर अकरा जण, अर्थातच डोळे मिचकावत. मागे फक्त गावाचे नाव लिहिलेले. आम्ही तो घेऊन मंडळाच्या सर्वांत ज्येष्ठ सभासदांकडे गेलो. त्यांनी भिंग लावून सात जणांची नावे सांगितली. त्यातले आज कोणीही हयात नाही. आठवा माणूसही त्यांनी सांगितला, जो चित्रात नाही: कॅमेरा त्याच्या हातात होता. फोटो काढल्यावर लगेच पाऊस आला, नाव अर्ध्यात असताना सगळे भिजले, आणि पलीकडे पोचल्यावर कुणाच्या तरी डब्यातल्या ओल्या दशम्या सगळ्यांनी वाटून खाल्ल्या, हेही सांगितले. चार चेहरे त्यांना ओळखता आले नाहीत. अजून ओळखू शकतील अशी दोन-तीनच घरे आता शहरात उरली आहेत.

बारा फोटोंच्या रोलमधला तो एक कागद नसता, तर पाऊस आणि दशम्या कोणी विचारल्याच नसत्या. आणि ते गृहस्थ नसते, तर तो कागद म्हणजे डोळे मिचकावणारे अकरा अनोळखी लोक.

कार्यकारिणीत याविषयी दोन गोष्टी ठरल्या आहेत. पुढच्या महेश्वर सहलीत ज्याला जितके हवे तितके फोटो काढता येतील, मात्र मंडळाच्या संग्रहासाठी प्रत्येक घराने बाराच द्यायचे, कागदावर छापून आणि मागे नावे लिहून. कोणते बारा, हे निवडताना घरात भांडणे होतील असा आमचा अंदाज आहे. दुसरे, ज्यांच्याजवळ मंडळाच्या जुन्या सहलींचे फोटो असतील त्यांनी ते अनंत चतुर्दशीपर्यंत कार्यालयात आणून द्यावेत; प्रत काढून मूळ परत केले जातील. मागे लिहिताना बॉलपेन वापरू नये, शाई पुढच्या बाजूला उमटते. मऊ शिसपेन्सिलीने, न दाबता लिहावे. ओंकारेश्वरचा फोटो मोठा करून आरतीच्या मांडवाबाहेरच्या फलकावर लावला आहे. डावीकडून तिसरे, पाचवे, सहावे आणि अगदी उजवीकडची परकरातली मुलगी, एवढी चार नावे हवी आहेत. पेन्सिल फलकालाच दोरीने बांधून ठेवली आहे.